जिन्याखालच्या खोलीतला आवाज

आवाज आपला आहे हे बाईंना आधी कळलंच नाही. आवडला, तेवढं कळलं. सकाळचे साडेआठ, पोटात अन्नाचा कण नाही, रक्ततपासणीची ती लांबट खोली, लोखंडी पट्टीनं एकमेकींना जखडलेल्या खुर्च्या, हातात सत्तेचाळीस नंबरचा कागद, तोंडावर मास्क आणि डोक्यात काही म्हणजे काही नाही. तेवढ्यात काचेपलीकडून कुणीतरी बोललं. भरदार, ठाम, तरी मायेचं. ‘एक गणित झालं. थांब. आकडे परत वाच, एकेकावर बोट ठेवून. बरोबर आहेत? मग पुढचं घे.’ किती छान बोलतेय ही, असं बाईंच्या मनात आलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी तो आवाज ओळखला. असं बोलणारी बाई दोन वर्षांपूर्वी ऑपरेशनच्या टेबलावर संपली होती. गळ्यातली गाठ काढताना एक नस दुखावली, गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. ‘होतं असं शंभरात एखाद्याला,’ सर्जन म्हणाले होते, जणू काही त्या एखाद्याला बक्षीस लागलंय. आता बाई बोलल्या की नुसता वारा येई, मध्येच एखादा शब्द खरवडल्यासारखा, आणि समोरचा माणूस उगाचच आपलाही आवाज खाली आणी. घरी हे म्हणत, ‘बरं झालं, निदान आता मला दोन शब्द बोलायला मिळतात.’ पहिल्यांदा दोघंही हसले होते. नंतर हे एकटेच हसत. आणि आज तो गेलेला आवाज काचेमागे धडधाकट बोलत होता, कुणाला तरी सांभाळत होता.

‘रक्त काढतात की गणितं घालतात हो इथं?’ शेजारचे काठीवाले आजोबा मोठ्यानं म्हणाले आणि खोलीभर खसखस पिकली. उपाशी माणसांना हसायला काहीही चालतं. काचेमागची मुलगी टेबलाखाली वाकली. तिच्या कानातली वायर फोनमधून निसटली होती, म्हणून कानातलं जगजाहीर झालं होतं. तिनं ती घाईघाईनं परत खुपसली, खालचा ओठ दातात धरला, डावा खांदा कानापर्यंत उचलला. त्या खांद्यानं बाईंनी तिला ओळखलं. आता ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, अंगानं भरलेली, पांढऱ्या कोटातली. पण खांदा बारा वर्षांचाच होता. गोगलगाय. शाळेत तिला सगळे गोगलगायच म्हणत, कारण ती रोज सगळ्याच्या सगळ्या विषयांची पुस्तकं-वह्या पाठीवर घेऊन यायची. आज कुठला तास, उद्या कुठला, हे तिला उमगायचं नाही. मग चुकण्यापेक्षा ओझं बरं. पाठीला पोक आलं होतं पोरीच्या. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं होतं, ‘गोगलगाय आणि पोटात पाय. सगळं येतं हिला, नुसता आळस आहे.’ त्या वेळी बाई अशा काही कडाडल्या होत्या की चहाचे कप तसेच हवेत राहिले. कडाडता येत होतं तेव्हा.

आतलं दार उघडलं आणि प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडम बाहेर आल्या. चष्मा कपाळावर चढवलेला, हातात कागदांचा गठ्ठा. ‘काय चाललंय? शाळा आहे का ही?’ ‘सॉरी मॅडम.’ ‘दोन वर्षांत तुझी एक चूक नाही. पुढच्या महिन्यात तुला कायम करायचं मी वर लिहून दिलंय. आणि हे काय खूळ घेऊन बसलीस? सोमवारपासून काउंटरवर फोन नको. कपाटात. सगळ्यांचेच.’ ‘मॅडम, मला तो...’ ‘तुला तो काय?’ ‘काही नाही, मॅडम.’ मुख्य मॅडम गेल्या. मुलगी नळ्यांकडे बघत राहिली. आज शुक्रवार होता. बाईंनी मनातल्या मनात दिवस मोजले, शाळेत चाचणी परीक्षेचे मोजायच्या तसे. त्या खोलीत पन्नास माणसं होती, आणि सोमवारी काय होणार हे त्यांतल्या दोघींनाच माहीत होतं. फोन गेला की ही पोर दुपारपर्यंत टिकणार नाही.

बाईंनी मान लांब करून काचेतून टेबल पाहिलं आणि त्यांना भरून आलं. शाळेतली अख्खी जिन्याखालची खोली तिथं मांडलेली होती. डाव्या हाताला रिकाम्या नळ्या, टोपणांच्या रंगांप्रमाणे उभ्या: जांभळ्या, लाल, पिवळ्या, निळ्या. मध्ये चिकटपट्टीनं डकवलेलं कार्ड, त्यावर अक्षर एकही नाही, नुसती चित्रं: कागद, बोट, नळी, लेबल, बरोबरची खूण. उजव्या हाताला झालेलं काम, पालथं. एका वेळी समोर एकच कागद, बाकीचे ट्रेमध्ये झाकलेले. हे सगळं बाईंनी शिकवलं होतं. शाळेनं त्यांना खोली दिली ती जिन्याखाली, जिथं आधी झाडू आणि मोडकी बाकं असायची; दाराला पाटी लागली ‘विशेष साहाय्य कक्ष’, पण म्हणायचे सगळे जिन्याखालचीच. वरून तास सुटला की डोक्यावर पायांचा गडगडाट व्हायचा आणि आतली मुलं माना खाली घालायची. अक्षरं ज्यांच्यापुढे नाचतात, आकडे जागा बदलतात, ऐकलेल्या तीन सूचनांतली मधली हमखास सांडते, अशी ती मुलं. ढ नव्हेत, आळशी तर मुळीच नव्हेत. बाईंनी प्रत्येक विषयाला एक रंग दिला: पुस्तकाचं कव्हर, वही, फोनमधल्या वेळापत्रकातला चौकोन, सगळं त्याच रंगाचं. फळ्याचा फोटो काढायचा, उतरवत बसायचं नाही. पानावर फिरवलं की वाचून दाखवणारं यंत्र आलं तेव्हा मुलांनी आधी त्याला शिव्या वाचायला लावल्या, मग धडे. मोठा अभ्यास तुकड्यांत कापायचा, तुकडा बारा मिनिटांचा, मध्ये घंटी. आणि सगळ्यात गुणाची गोष्ट म्हणजे फोनमधले आवाज. घड्याळाच्या नुसत्या ठणठणाटाला मुलं दाद देत नसत, तो बंद करून परत हरवत; म्हणून बाईंनी स्वतःच्या आवाजात सूचना भरल्या. सकाळी सात दहा: कंपासपेटी बघ. दुपारी चार: वहीत उद्याचं लिहिलंस का? एकेका मुलासाठी वेगळ्या, त्याच्या खोडी ओळखून.

मग लगेच मनाच्या तळातून ते वर आलं, जे गेली कित्येक वर्षं बाई झाकून ठेवत होत्या. हे आवाज कायमचे नव्हते. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: आधार द्यायचा तो काढून घेण्यासाठी. दर सहा महिन्यांनी निम्म्या सूचना कमी करायच्या, शेवटी मुलाच्या डोक्यात त्याचा स्वतःचाच आवाज बोलू लागला पाहिजे. बाकीच्यांचे बाईंनी काढले. कुणी आठवीत सुटा झाला, कुणी दहावीत. गोगलगायीचेही काढून पाहिले होते, दहावीच्या वर्षी, फक्त एक आठवडा. चौथ्या दिवशी विज्ञानाची चाचणी; ती भूगोलाची तयारी करून आली, तीही चुकीच्या वेळी, आणि दुपारी एकपर्यंत फाटकाशी उभी राहिली. आत यायची हिंमत नाही, घरी जायची नाही. शिपायानं येऊन सांगितलं, ‘बाई, तुमची गोगलगाय बाहेर वाळत पडलीय.’ संध्याकाळी बाईंनी सगळे आवाज परत घातले, वर चार जास्तीचे. तेव्हा ती फोन कानाला लावून ऐकत बसली, डोळे मिटून, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून बाईंना भारी वाटलं. हो, भारी वाटलं! खोटं कशाला बोला? स्वतःचं मूल नसलेल्या बाईला दुसऱ्याचं मूल आपल्या आवाजावर उठतंय, बसतंय, चालतंय याचं सुख झालं होतं. पुढे ती चांगल्या गुणांनी पास झाली, शाळेत पाहुणे येऊ लागले, जिन्याखाली वाकून शिरत आणि गोगलगायीला प्रश्न विचारत. शेवटच्या अहवालात बाईंनी लिहिलं: विद्यार्थिनी आता अभ्यासाचं नियोजन स्वतंत्रपणे करते. सही, तारीख. पुढे पोरीनं फोन तीन-चार तरी बदलले असतील, पण आवाज मात्र एका फोनातून दुसऱ्या फोनात उचलून नेला. आज ती गणित करत नव्हती, लोकांच्या रक्ताच्या नळ्यांवर नंबर चिकटवत होती. तरी नवा आवाज तिच्यापाशी नव्हता, म्हणून प्रत्येक नळीला ती एक गणित झालं असंच ऐकत होती. बरोबर करत होती, हे त्यातलं विशेष. दोन वर्षांत एक चूक नाही.

‘सत्तेचाळीस.’ बाई उठल्या. रक्त आत काढतात. त्याआधी काचेच्या खिडकीशी कागद द्यायचा, जन्मतारीख सांगायची, तेवढंच. खुर्चीपासून खिडकीपर्यंत नऊ पावलं असतील, त्या नऊ पावलांत बाईंनी तीन वाक्यं तयार केली. अगं, ओळखलंस का. गोगल, मी. बाळ, इकडे बघ. मुलीनं कागद घेतला, नंबरावर बोट ठेवलं, ओठ हलवले, आणि वर न बघता विचारलं, ‘जन्मतारीख सांगा.’ बाईंनी सांगितली. मास्कमधून नुसती वाफ गेली. ‘काकू, जरा मोठ्यानं.’ काकू! बाईंनी परत सांगितली, गळ्याच्या शिरा ताणून, आणि तो घोगरा, फाटका आवाज स्वतःच्याच कानांना परका लागला. मुलीनं आता वर पाहिलं. तिच्या नजरेत दया होती, आजारी माणसाबद्दल असते तशी, स्वच्छ आणि बिनओळखीची. ‘घाबरू नका हं काकू, दोन मिनिटांचं काम. तिसऱ्या खुर्चीवरच्या ताईंकडे जा, त्यांचा हात हलका आहे.’ बाईंचे केस गेले होते, वजन गेलं होतं, अर्धा चेहरा झाकलेला होता. पण हे सगळं चाललं असतं, एक आवाज असता तर. तिनं बाईंना डोळ्यांनी कधी ओळखलंच नव्हतं बहुतेक, कानांनी ओळखलं होतं. आणि ती बाई तर तिच्या कानात वायरीच्या टोकाशी होतीच, तरुण, ठणठणीत. मग ही दुसरी तिला कशाला हवी? बाईंनी तयार केलेली तीनही वाक्यं गिळली. मी तीच, असं सांगायचं म्हणजे दोन्ही आवाज तिला शेजारी शेजारी ठेवून दाखवायचे. तेवढं धैर्य त्यांना झालं नाही.

कोपराच्या खळग्यात कापूस दाबून त्या परत खुर्चीवर येऊन बसल्या. घरी जायला हरकत नव्हती. ह्यांचा निरोप येऊन पडला होता, ‘आटपलं का? चहा टाकू?’ पण सोमवार डोक्यातून जाईना. काहीतरी करायला हवं, आणि काय करायचं ते बाईंच्या हाताला पाठ होतं. दर वर्षी, नवा वर्ग सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात त्या प्रत्येक विषयशिक्षकाकडे जायच्या, हातात पत्र: सदर विद्यार्थिनीला वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण आहे, अक्षरांची व आकड्यांची उलटापालट होऊ शकते, तिला अमुक साधनं वापरू द्यावीत. वीस-बावीस वर्षं त्यांनी ती पत्रं लिहिली. पत्र दिलं की शिक्षक वरमायचा, साधन चालू राहायचं, मूल तगायचं. गोगलगाय मात्र दर वर्षी पदराला लोंबकळायची, ‘बाई, नका ना सांगू. मी करीन ना. कळणार नाही कुणाला.’ ‘वेडी आहेस का? लपवायचं काय त्यात? चष्मा लपवतो का आपण?’ हे चष्म्याचं वाक्य बाईंचं फार लाडकं होतं. एका वर्षी एका मास्तरांनी ते पत्र सबंध वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या दिवशी गोगलगाय जिन्याखाली आली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, ‘तुम्ही सांगितल्यावर मी तशी होते, बाई. त्याआधी नसते.’ बाईंना तेव्हा ते पोरकट वाटलं होतं. त्यांनी तिला गोळी दिली होती, लिंबाची.

जवळ असलेल्या जुन्या तपासणीच्या कागदाची मागची बाजू कोरी होती. बाईंनी पर्समधलं पेन काढलं आणि मांडीवर धरून लिहायला लागल्या. बोलणं गेल्यापासून लिहिणंच त्यांचं बोलणं झालं होतं. बँकेत, दुकानात, ह्यांच्याशी भांडतानासुद्धा. अक्षर तेच, टपोरं, शिरोरेषा सरळ. आपल्या काउंटरवरील कर्मचारी ही माझी जुनी विद्यार्थिनी. तिला वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण आहे. अक्षरांची व आकड्यांची उलटापालट होऊ शकते. फोनमधील सूचनांच्या साहाय्यानं ती उत्तम काम करते, तरी तिला फोन वापरू द्यावा ही विनंती. लिहिताना बाईंना दोन वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत होतं. खोकला नाही, वारा नाही, एकेक वाक्य मोकळ्या गळ्यातून आल्यासारखं. लिहून झाल्यावर त्यांनी मुख्य मॅडमचं दार वाजवलं. मुख्य मॅडमनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि पत्र वाचलं. मग पहिल्यापासून परत वाचलं. ‘तुम्ही तिच्या शिक्षिका?’ बाईंनी मान हलवली, आणि चष्म्याकडे बोट दाखवून ते लाडकं वाक्य बोलायचा प्रयत्न केला. निम्मं हवेत गेलं. ‘कळलं, कळलं. गळ्याला त्रास नका देऊ,’ मुख्य मॅडम म्हणाल्या. मॅडम काही वाईट नव्हत्या. उठून त्यांनी बाईंना दारापर्यंत सोडलं. ‘बरं झालं सांगितलंत. आम्हाला काही कल्पनाच नव्हती.’

बरं झालं सांगितलंत. शाळेत हे वाक्य ऐकलं की बाई निर्धास्त व्हायच्या, काम फत्ते. आताही त्या खुर्चीत टेकून बसल्या, कापूस काढून पाहिला, रक्त थांबलं होतं. ह्यांना कळवलं, ‘टाका चहा, येते.’ पण उठल्या नाहीत. मुलीला बोलावतील, फोन जवळ राहू दे म्हणून सांगतील, ती बाहेर येईल तेव्हा तिचा चेहरा बघायचा आणि मग गुपचूप निघायचं, एवढाच त्यांचा लोभ होता. सगळं त्यांचं मनात रंगवून झालं होतं. मुलीला आत बोलावलं गेलं. तिच्या जागी दुसरा एक जण येऊन बसला आणि बसल्या बसल्या त्यानं ते चित्रांचं कार्ड टेबलावरून सोलून काढलं, चिकटपट्टीसकट. आतलं दार पुरतं लागलं नव्हतं. मुलीचा आवाज आला, बारीक. ‘कोणी सांगितलं?’ ‘ते महत्त्वाचं नाही. खरं आहे का ते सांग.’ ‘मॅडम, मी सांगणार होते. कायम झाले की सांगणार होते. दोन वर्षांत एकही...’ ‘एकही चूक नाही, की एकही सापडली नाही? आता मला कसं कळायचं?’

पाच-दहा मिनिटांनी तो दुसरा उभा राहून म्हणाला, ‘आज सकाळी रक्त दिलेल्यांनी कृपया थांबा. तांत्रिक कारणामुळे परत घ्यावं लागेल.’ खोलीत एकच गिल्ला झाला. कुणाला कामावर जायचं होतं, कुणाला चक्कर येत होती. आजोबांनी काठी आपटली. ‘म्हणजे ते गणित चुकलं म्हणा की!’ या वेळी कुणी हसलं नाही. एक बाई म्हणाली, ‘ती पोरगी होती ना फोनवाली, तिनंच घोळ घातला असणार. बघितलं नाही का, सगळं लक्ष फोनात.’ माना हलल्या. नळ्यांचा ट्रे उचलून दुसऱ्यानं बाईंच्या डोळ्यांदेखत आतल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत पालथा केला. जांभळ्या, लाल, निळ्या, त्यांतली एकही चुकलेली नव्हती. बाई उठल्या, धावल्याच म्हणायच्या, दार न वाजवता आत शिरल्या. मुलगी तिथं नव्हती, मागच्या बाजूला गेली असावी. ‘ती चुकत नाही,’ बाई म्हणाल्या. ‘चुकत नाही ती. मी...’ पुढचं सगळं घशातच फाटलं. त्यांनी टेबलावर पडलेल्या आपल्या कागदाकडे हात केला. त्याला टाचणी मारून तो एका फायलीत लावलेला होता.

मुख्य मॅडमनी त्यांना पाणी दिलं. ‘बसा. बाई, मलाही वाईट वाटतंय. चांगली पोर आहे. पण तुम्हीच लिहून दिलंत ना, आकड्यांची उलटापालट होऊ शकते म्हणून? तुमच्या हातचं आहे. हे वाचल्यावर मी तिला तिथं कशी बसवू? उद्या एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं तर? तुमचंच गेलं तर? आणि अर्जात तिनं यातलं काही लिहिलेलं नाही. लपवलंच म्हणायचं. नसतं कळलं तर गोष्ट वेगळी होती.’ बाईंनी पेन काढलं, कागद मागितला, लिहिलं: मी परत घेते. मुख्य मॅडमनी ते वाचलं आणि समजुतीनं मान हलवली, आजारी माणसापुढे हलवतात तशी. शाळेत पत्र दिल्यावर मूल वर्गातच राहायचं, कुणी त्याला काढू शकत नसे. पत्राच्या मागे शाळेचा नियम उभा असायचा, सही-शिक्का असायचा. इथं बाईंच्या मागे काय होतं? उपाशी माणसांनी भरलेली एक खोली, आणि सत्तेचाळीस नंबर. हे त्यांना लिहिण्याआधी का सुचलं नाही? सुचलं असतं, एक क्षण थांबल्या असत्या तर. पण हात आपला चालू लागला होता, वीस-बावीस वर्षांच्या सवयीनं, आणि आपण तिच्यासाठी करतोय की आपल्यासाठी हे विचारायला त्या हातापाशी तोंड नव्हतं. तुम्ही सांगितल्यावर मी तशी होते, बाई. त्याआधी नसते. बाई बाहेर आल्या आणि त्याच खुर्चीवर बसल्या.

मुलगी काउंटरवर आपलं सामान घ्यायला आली. रडली होती, तोंड धुतलं होतं, केस कपाळाला चिकटले होते. कोट घडी करून तिनं टेबलाच्या कडेला ठेवला. खण उघडला आणि नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिली. आधी काय, मग काय, तिला लागेना. हात डब्याकडे गेला, परत आला, पेनांकडे गेला. दुसरा जण घड्याळ बघत होता. मग तिनं फोन काढला, वायर लावायच्या भानगडीत पडली नाही, फोन टेबलावर उताणा ठेवला आणि एक बटण दाबलं. आता कुणी काय म्हणेल याचं तिला काही राहिलं नसावं. ‘घाई नको,’ फोनमधल्या बाई बोलल्या, मोकळ्या गळ्यानं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा. ‘एकेक वस्तू हातात घे. तिचं नाव घे, मग पिशवीत ठेव.’ मुलगी पुटपुटू लागली. डबा. पेन. रुमाल. चावी. आजोबांसकट सगळे वळून बघत होते. खुर्चीवरच्या बाईंचे ओठ मास्कच्या आत हलत होते, तेच शब्द, एका श्वासानं मागे, आणि त्यांतून काहीही येत नव्हतं. ‘छान. आता पिशवीची चेन लाव. शाब्बास. निघायच्या आधी एकदा मागं वळून बघ, आपलं काही राहिलंय का.’

मुलगी दाराशी थांबली आणि मागं वळली. तिनं नीट पाहिलं, शिकवलं होतं तसं, डावीकडून उजवीकडे, काही न सोडता: खण, टेबल, काच, खुर्च्यांची रांग. बाईंपाशी नजर आली तेव्हा बाई अर्ध्या उठल्या. मास्क त्यांनी खाली ओढला होता, तोंड उघडलं होतं. मुलीची नजर तिथं क्षणभर टेकली, आणि मग पुढे सरकली, आजोबांवर, भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर. तिचं काही राहिलेलं नव्हतं. दार ढकलून ती गेली. आतून सत्तेचाळीस नंबर पुकारला गेला, दोनदा. मग बाई उठल्या आणि दुसऱ्या हाताची बाही वर करत आत गेल्या.